नाव बदललेत, गाव मात्र छापलेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ननांनी चालवलेल्या गरोदर मुलींच्या आश्रमावर पानभर लेख आला आहे. दोन खोल्यांची तिमजली इमारत कशी झाली, स्लॅबला पैसे कुणी दिले, भूमिपूजनाला कोण कोण होते, सगळे सविस्तर. त्याच पानावर डावीकडच्या चौकटीत तिथल्या एका मुलीची हकीकत आहे. नाव बदलल्याचे कंसात लिहिले आहे. पण गाव दिले आहे, ती कितवीत होती ते दिले आहे, वडील साखर कारखान्यात कुठल्या खात्यात आहेत ते दिले आहे, आणि आरोपी नात्याने तिचा कोण लागतो तेही दिले आहे. मग नाव बदलून काय उपयोग? आपल्याकडे पेपर सकाळी दूध डेअरीवरच वाचला जातो. दहा मिनिटांत रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ती कोण ते कळले असणार.

मी ३१ वर्षे प्रसूती विभागात परिचारिका होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी सोळाची. आई म्हणाली, "सिस्टर, पोरीच्या पोटात गाठ हाय म्हणत्यात, तेवढी बघा." मी पोलके वर केले तर पोटाला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट आवळलेली. शाळेचा गणवेश बसावा म्हणून आईनेच रोज सकाळी बांधलेली. सोडली तेव्हा कातडीवर वळ उठले होते. सातवा महिना होता. मधल्या काळात कुणा वैदूचा काढाही पाजून झाला होता. गावात सांगितले होते की पोरगी मावशीकडे शिवणकाम शिकायला जाणार आहे.

उरलेले दोन महिने तिला ठेवायचे कुठे? मी ओळखीच्या चार दारांत विचारले. चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "कुणाची हो?" शेवटी सुट्टी टाकली आणि दुसऱ्या जिल्ह्यात ननांचा असाच एक आश्रम होता, तिथे एस.टी.ने तिला घेऊन गेले. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "पोरीला किरिस्ताव करतील." मलाही धाकधूक होतीच. दार उघडणाऱ्या वयस्क ननने पोरीला विचारले, "जेवलीस का?" नंतर विचारले, "कितवा महिना?" आडनाव विचारलेच नाही. आईने जोतिबाचा गुलाल कागदात बांधून दिला होता. ती पुडी बाळंत होईपर्यंत पोरीच्या उशाखाली होती, तिला कुणी हात लावला नाही.

बाळ दीड किलोचे झाले, तिसऱ्या दिवशी गेले. काढ्यानेच गेले असे मी छातीठोक सांगणार नाही. पण लपवालपवीत किती बाळे जातात ते मी पाहिले आहे. आपल्या लेखकाने लिहिले आहे की अशा आश्रमाची कल्पना आपल्याकडे मिशनऱ्यांनी प्रथम आणली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये कृपासदन होते, ते खरे. पण त्याआधी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाने काढले. तेच आजचे नवरंगे बालकाश्रम.  फुल्यांनी १८८४ मध्ये लिहून ठेवले आहे की तोवर त्यांच्या घरी ३५ विधवा बाळंत झाल्या आणि त्यांची अवघी ५ मुले जगली. गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या औषधांनी बाकीची दगावली, असे कारणही त्यांनीच दिले आहे. बायका जगाच्या भीतीने उशिरा यायच्या. माझ्याकडे आलेली ती पोरगी सातव्या महिन्यात आली, तीही त्याच भीतीने.

आता काल ती चौकट वाचून ज्या आईच्या पोटात गोळा आला असेल, ती आपल्या मुलीला आश्रमात कशाला नेईल? ती पट्टी आणखी आवळेल. माझा राग आहे तो यासाठी.

 आणि कायदाही स्पष्ट आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, ज्यावरून मूल ओळखू येईल असे काहीही छापायला बंदी आहे. सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही, आणि बातमीदाराबरोबर प्रकाशकही जबाबदार. आपल्या कचेरीत हे कुणालाच माहीत नसेल, हे मला पटत नाही.

चौकटीत आणखी एक वाक्य आहे, "ती बाळ टाकून निघून गेली." टाकून नव्हे. बाळाला सांभाळणे जमणार नसेल तर बाल कल्याण समितीसमोर रीतसर ताबा देतात, आणि त्यानंतर विचार बदलायला कायद्याने दोन महिने मिळतात. सोळा वर्षांच्या पोरीने रडत सही केली असेल, तर तिला "टाकून" हा शब्द कसा लावता? लेखात दोनदा आलेले "वाट चुकलेल्या मुली" हेही मला सहन झाले नाही. घरातल्याच माणसाने केले, तिथे पोरीची वाट कुठे चुकली?

देणगीदारांची नावे अर्धा स्तंभ आली आहेत. त्या जागेत १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक बसला असता. घराने नाकारलेल्या गरोदर अल्पवयीन मुलींसाठी केंद्राने २०२३ मध्ये निर्भया निधीतून योजना काढली आहे. निवारा, जेवण, कोर्टात जाण्या-येण्याची सोय, वकिलाची मदत हे सगळे त्यात आहे. त्याची एक ओळ नाही.

आपल्या दैनिकाची मी जुनी वाचक आहे, म्हणून हक्काने लिहिते. ती चौकट इंटरनेटवरच्या आवृत्तीतून आजच काढा. उद्या नको. छापलेला अंक परत घेता येणार नाही, एवढे तरी करा.

आणि २०२१ च्या महापुरात बोटीतून आणलेल्या गरोदर बायकांबद्दल मी लिहिले होते, त्या पत्राच्या आपण चार ओळी ठेवल्या होत्यात. हे पत्र लांबले आहे, मला कळते. कापायचेच असेल तर फुल्यांचा परिच्छेद कापा, कलम २३ चा कापू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर

(नाव व पत्ता सोबत दिला आहे, छापू नये. माझे नाव आले तर वॉर्ड कळेल, आणि वॉर्ड कळला तर ती कोण हे ओळखणारी माणसे अजून आहेत. ती आता सासू झाली आहे.)