सावड मोडल्यावर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की शनिवार-रविवारी कोणाशी चार शब्दही बोलणे होत नाही, आणि लगेच विषय बदलून माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. गुडघा बरा आहे. लिहावयाचे आहे ते त्या वाक्याबद्दल.

यात तुझ्या स्वभावाचा दोष मानू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि किशोर व तरुण वयात तो विशेष आढळतो. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये हा विषय थेट मंत्र्यांकडे सोपविला.

मला याचे मूळ सोयीत दिसते. आपल्याकडे एक बैल असलेला शेतकरी तशाच दुसऱ्याशी सावड करी, कारण एका बैलावर पाळी घालता येत नाही. दोघांचे पटत असेच असे नाही. पण पेरणीच्या दिवसांत अबोला परवडत नसे, आणि त्या अडीनडीतूनच घरोबा वाढे. ट्रॅक्टर आला, सावड मोडली, आणि आता आपल्या पारावरही पोरे मोबाइलात मान घालून बसतात. तुझ्या पुण्याच्या इमारतीत तर साखरेपासून सुतारापर्यंत सारे घरबसल्या मागविता येते, त्यामुळे शेजारचे दार वाजविण्यास निमित्तच उरत नाही. अर्थात जुने गाव फार प्रेमळ होते असेही नाही: त्याच पारावर काही वस्त्यांतील माणसांना बसू दिले जात नसे, आणि त्यांचे एकटेपण कोणी विचारात घेतले नाही.

म्हणून ‘लोकांत मिसळ’ असा मोघम उपदेश न करता एवढेच सांगतो की मदत मागावयास शीक. करण्यात तू मागे नाहीस, मागण्याचा मात्र तुला भारी संकोच. गावी येताना किल्ली शेजाऱ्याकडे ठेव, ताप आला तर सहकाऱ्याला औषध आणावयास सांग. मन फारच खचले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते, तेव्हा तेथे फोन करण्यात कमीपणा मानू नकोस. परंतु रोजच्या जगण्याला हाकेच्या अंतरावरचे माणूस लागते, आणि लातूरहून ती उणीव आम्हालाही भरून काढता येत नाही.

वेळअमावास्येला शेत नसलेल्यांना आपण शेतावर जेवावयास बोलावतोच. यंदा तुझ्या ऑफिसातील कोणी येत असतील तर त्यांनाही आण. किती जण येणार ते आईला आठवडाभर आधी कळव, म्हणजे भज्जी आणि अंबिलीचा अंदाज तिला घेता येईल.

तुझे,
बाबा