तुझा रिपोर्ट मी तीनदा वाचला

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू रिपोर्टचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आई, जरा बघ. बाबांना दाखवू नकोस." बाबांना दाखवलेला नाही. मी मात्र तीनदा वाचला. बावीस वर्षं लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासते आहे, आकड्यांची मला सवय आहे. पण या कागदावर तुझं नाव होतं. तिसऱ्यांदा वाचताना डोळे भरून आले आणि चष्मा काढून ठेवावा लागला.

हिमोग्लोबिन 18.6, हिमॅटोक्रिट (रक्तातला पेशींचा वाटा) 56 टक्के, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 13, एलएच आणि एफएसएच (वृषणांना कामाला लावणारी संप्रेरकं) दोन्ही जवळपास शून्य, आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मशिनला मोजता येईल त्याच्याही वर. हे सगळं एकाच कागदावर दिसलं की लॅबमधल्या माणसाला दुसरं काही विचारावं लागत नाही. अंग भरायला तू बाहेरून टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे स्टेरॉइडचं, इंजेक्शन घेतो आहेस हे मला कळलं. कितव्या सायकलवर, म्हणजे औषधाच्या कितव्या फेरीवर आहेस आणि सोबत आणखी काय घेतोस, ते मात्र तू लिहिलं नाहीस. ते मला हवं आहे, आणि रागवण्यासाठी नको आहे.

या औषधांनी अंग भरत नाही, असं मी तुला सांगणार नाही. भरतं. 1996 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक प्रयोग छापून आला होता. 43 पुरुष, दहा आठवडे. काहींना दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, बाकीच्यांना नुसतंच बिनऔषधाचं इंजेक्शन. ज्यांनी औषध घेतलं पण वजनांना हातही लावला नाही, त्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन साधारण तीन किलोंनी वाढलं. औषधाशिवाय दहा आठवडे घाम गाळणाऱ्यांचं दोन किलोंच्या आसपास. औषध आणि व्यायाम दोन्ही असलेल्यांचं सहा किलो. तेव्हा औषधाने अंग भरतं हे जिममधल्या त्या सिनियरने तुला खोटं सांगितलं नाही. त्याने अर्धं सांगितलं, आणि माझा सगळा राग त्या उरलेल्या अर्ध्यावर आहे. प्रयोगातली माणसं दहा आठवडे डॉक्टरांच्या नजरेखाली होती. तुम्ही पोरं दोन-तीन औषधं एकत्र, त्याहून जास्त डोसमध्ये, वर्षानुवर्षं घेता, आणि तुमचं रक्त कुणी बघत नाही. तू निदान तपासून घेतलंस. ते बरं केलंस.

आता हृदयाचं. टेस्टोस्टेरॉन शरीरात गेलं की ते दंड कुठला आणि छाती कुठली हे निवडत बसत नाही. हृदय हाही स्नायूच. त्याची भिंत जाड होत जाते, आणि जाड झालेली भिंत नीट सैल पडत नाही. दोन ठोक्यांच्या मधे हृदयाला रक्ताने भरून घ्यायचं असतं, ते भरणं कमी पडतं. पुढे पंप करायची ताकदही उतरते. 2017 साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात 140 वेटलिफ्टर्सचा अभ्यास आला. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं, हे त्यांनी इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, मोजलं. स्टेरॉइड न घेणाऱ्यांचं सरासरी 63 टक्के, घेणाऱ्यांचं 52. त्यातही तपासणीच्या वेळी औषध चालू होतं त्यांचं 49, आणि सोडलेल्यांचं 58. हा शेवटचा आकडा मी तुझ्यासाठी वहीत लिहून ठेवला आहे. सोडलेल्यांची पंप करायची ताकद बरीचशी परत येते. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला थर वेगळा, आणि जितकी वर्षं औषध घेतलं तितका तो जास्त सापडला.

त्यात तुझा एचडीएल 13. तो निदान 40 तरी असावा. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं कोलेस्टेरॉल उचलून नेण्याचं काम त्याचं, आणि तुझ्याकडे ते काम करणारे आत्ता जवळजवळ कुणी नाहीत. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या तो सगळ्यात जास्त पाडतात, त्यामुळे तू गोळ्याही घेतोस असा माझा अंदाज आहे. आणि हिमॅटोक्रिट 56 म्हणजे रक्तातला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या पेशींचा. आजारपणामुळे ज्यांना डॉक्टर टेस्टोस्टेरॉन देतात, त्यांचा आकडा 54 च्या वर गेला की औषध थांबवतात. एवढं दाट रक्त गुठळी धरू शकतं. पायात धरली तर पाय सुजतो, फुप्फुसात गेली तर धाप लागते, मेंदूत गेली तर काय होतं ते मला लिहवत नाही.

तुझ्या मोबाइलवर आंद्रेआस म्युंझर या बॉडीबिल्डरचे फोटो मी पाहिले होते. कातडीखाली चरबीचा कण नाही, प्रत्येक धागा दिसतो. तो 1996 च्या मार्चमध्ये गेला, 31 वर्षांचा होता. एकामागून एक अवयव बंद पडत गेले. यकृतात गाठी सापडल्या. फोटो अजून फिरतात आणि मुलं ते बघून जिममध्ये जातात. तू म्हणशील, ती टोकाची उदाहरणं. मग डेन्मार्कचं ऐक. तिथे जिममध्ये जाऊन डोपिंगची तपासणी होते. त्यात सापडलेल्या 1189 पुरुषांचा पुढे सरासरी अकरा वर्षं माग ठेवला गेला. सुरुवातीला त्यांचं सरासरी वय 27 होतं, म्हणजे तुझ्याहून तीनच वर्षं मोठे. त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 2.8 पट निघालं. 2024 मध्ये ते छापून आलं. ती जिममध्ये जाणारी साधी मुलं होती.

एलएच आणि एफएसएचबद्दल तू काही विचारलं नाहीस. बहुतेक ते आकडे तुला महत्त्वाचे वाटले नसतील. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. टेस्टोस्टेरॉन बनवा, शुक्राणू बनवा, असा निरोप ती या दोन संप्रेरकांतून वृषणांना धाडत असते. बाहेरून माल येऊ लागला की तिला वाटतं भरपूर आहे, आणि ती निरोप धाडणं थांबवते. काम नसलेली वृषणं आकसतात, शुक्राणूंची संख्या शून्यावरही जाते. सायकल संपल्यावर यंत्रणा आपोआप चालू होते असं जिममध्ये सांगतात. बहुतेकांची होते, पण त्याला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त, आणि काहींची पूर्वीसारखी होतच नाही. आमच्याकडे लग्नानंतर मूल होत नाही म्हणून वीर्य तपासायला पुरुष येतात, त्यांतले काही दंड भरलेले असतात. रिपोर्ट हातात घेताना ते खाली बघतात. तुला तिथे बसलेला मला बघायचं नाही.

छातीत दुखतं असं तू मागच्या महिन्यात म्हणाला होतास, निपलच्या मागे गाठ लागते म्हणून. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेन करतं आणि पुरुषाच्या छातीतही ग्रंथी वाढते. फार दिवस राहिली तर ती शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. डॉक्टरांना तीही दाखव.

लिव्हरच्या आकड्यांवरून लगेच घाबरू नकोस. एएलटी, एएसटी वाढलेत, पण जड वजनं उचलल्यावर ते स्नायूंतूनही येतात. जीजीटी नावाची तपासणी केली की यकृताचा वाटा कळेल. किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिनही मोठ्या स्नायूंमुळे थोडं वर दिसतं, म्हणून सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी तपासणी करू, आणि लघवीत प्रोटीन जातं का तेही. काळजीचं असेल तेवढ्याचीच काळजी करू.

त्या बाटल्यांत काय आहे हेही तुला माहीत नाही. काळ्या बाजारातल्या मालाच्या लेबलवर एक असतं आणि आत दुसरं, कधी कमी, कधी जास्त, कधी जंतूही. तुमची पोरं ज्याला 'ट्रेन' म्हणतात ते ट्रेनबोलोन गुरांचं वजन वाढवायला वापरलं जातं, माणसासाठी ते मान्यताप्राप्त औषधच नाही. आणि एकाच बाटलीत दोघांची सुई गेली असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही करायलाच हवी. लाजू नकोस, मला सांग.

एक गोष्ट तुझ्या रिपोर्टमध्ये छापलेली नाही. तू नववीत असताना घरी येणारं प्रत्येक माणूस तुला "काडी" म्हणायचं, आणि मीही हसायचे. तू तेव्हापासून उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागलास. मी ते पाहिलं आणि वयाचं असेल म्हणून सोडून दिलं. आता 92 किलोंवर आहेस आणि अजूनही आरशापुढे म्हणतोस, "लहान दिसतोय." सोहम, त्या हसण्याबद्दल मला माफ कर. कितीही भरलं तरी अंग अपुरंच वाटत राहणं, हा मनाचा आजार असू शकतो, त्याला नाव आहे, उपचार आहेत. आपण त्याबद्दलही कुणाशी तरी बोलू.

हे पत्र वाचून आजच्या आज सगळं फेकून देऊ नकोस आणि एकटा राहू नकोस. अचानक थांबलं की स्वतःचं टेस्टोस्टेरॉन चालू व्हायच्या आधी शरीर काही आठवडे रिकामं राहतं. त्या काळात अंगातलं त्राण जातं, झोप उडते, मन इतकं खाली जातं की मुलं जिवाचं बरंवाईट करून घेतात, नाहीतर सहन होत नाही म्हणून पुन्हा सुई घेतात. सायकलनंतरच्या उपचाराला जिममध्ये पीसीटी म्हणतात, त्यातल्या गोळ्या डॉक्टरही कधी देतात, पण तपासून, मोजून. तुला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, आणि एक इको करायचा आहे. डॉक्टरांना एकूण एक औषधाचं नाव आणि डोस सांग. माझ्यासमोर सांगवत नसेल तर मी बाहेर बसेन. मधल्या दिवसांत छातीत दुखलं, धाप लागली, एक पाय सुजला किंवा बोलताना जीभ अडखळली, तर मला फोन करण्याआधी सरळ हॉस्पिटल गाठ.

बाबांना तू स्वतः सांग. त्यांचा आवाज चढेल आणि मग ते रात्रभर जागतील. मी शेजारी असेन.

रविवारी ये. आदल्या दोन दिवसांत वजनं उचलू नकोस, पाणी भरपूर पी, नाहीतर हिमॅटोक्रिट उगाच वर दिसेल. सकाळी आठच्या आत उपाशीपोटी पोच. रक्त मीच काढेन. तुझी उजवी शीर सटकते, डावी लगेच मिळते, हे तू चार वर्षांचा असल्यापासून मला ठाऊक आहे.

तुझी,
आई