मंत्रिमहोदय, ५०३ वजा १७८ किती?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहते. माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत पानशेतच्या पलीकडच्या एका वाडीतल्या मुलांना फोनवरून शिकवायला लागले, ते अजून सुटलेलं नाही. तेव्हाची मुलं मोठी झाली, त्यांची धाकटी भावंडं आली. सध्या सहा जण आहेत. दुर्गम भागासाठी व्हर्च्युअल क्लासरूम आणि प्रत्येक मुलाच्या गतीने शिक्षण, असं हल्ली बरंच कानावर येतं, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात सहावीतला एक मुलगा वजाबाकीत अडकला. ५०३ मधून १७८ वजा केले की त्याचं उत्तर ४७५. काकाच्या मोबाइलवर सरावाचं एक अ‍ॅप होतं. अ‍ॅपने लाल फुली दाखवली आणि तसलीच आणखी पाच गणितं दिली. पाचही चुकली. मग 'तुमच्या पातळीनुसार' असं म्हणून त्याला थेट एक अंकी वजाबाकीवर नेऊन बसवलं. पोरगं चिडलं. नवातून चार त्याला झोपेतही जमतं.

मी फोनवर म्हटलं, "उत्तर नको सांगूस. करताना मनात काय म्हणतोस ते मोठ्याने म्हण." तो म्हणाला, "तिनातून आठ जात नाहीत बाई, म्हणून आठातून तीन काढले, पाच. शून्यातून सात जात नाहीत, सातातून शून्य काढलं, सात. पाचातून एक गेला, चार."

बघा, किती शिस्तीची चूक आहे! हिशेबात कुठेही गोंधळ नाही. दशक सुटा करायचा एवढंच राहिलंय, आणि मध्ये शून्य आल्यामुळे शेजाऱ्याकडे उसनं द्यायलाही काही नाही. मी विचारलं, "तुझ्याकडे शंभराच्या पाच नोटा आणि तीन रुपये सुटे आहेत. दुकानदाराला १७८ द्यायचेत, आणि त्याच्याकडे मोड नाही. वरचे आठ रुपये कुठून काढशील?" बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग, "शंभराची मोडावी लागेल. दहाच्या दहा घेईन. त्यातली एक परत मोडीन." ३२५ त्याने स्वतःच काढले, आणि पुढची दोन गणितंही बरोबर सांगितली. सगळं मिळून अकरा मिनिटं.

ही चूक काही त्या वाडीने शोधून काढलेली नाही. ब्राऊन आणि बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुका संगणकाला कशा ओळखता येतील ते मांडून दाखवलं होतं. मोठ्या अंकातून लहान काढायची ही खोड त्यांच्या यादीत आहे. म्हणजे यंत्राला हे जमतं. जवळपास पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राला जमत होतं. तेव्हा माझं भांडण यंत्राशी नाही, ते विकत घेताना आपण काय विचारतो त्याच्याशी आहे. व्हिडिओ किती तासांचे, अ‍ॅनिमेशन आहे का, डॅशबोर्ड कसा दिसतो, हे विचारून झालं की कुणीतरी एकदा असंही विचारा: सहावीच्या मुलाने अर्धा अधिक एकतृतीयांश याचं उत्तर, वरचे अंक वेगळे आणि खालचे वेगळे मिळवून, दोनपंचमांश लिहिलं, तर तुमचं सॉफ्टवेअर त्याला पुढे काय देईल? नुसती फुली देणार असेल तर तशी फुली मारायला आमच्याकडे लाल पेन आहे.

ही चुकांची यादी मराठीत आपली आपण करता येईल. बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, एससीईआरटी (शिक्षक प्रशिक्षण आणि संशोधन बघणारी राज्य परिषद) कुमठेकर रस्त्यावर, शिक्षण आयुक्त सेंट्रल बिल्डिंगमध्ये. सगळं एका रिक्षाच्या अंतरात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना नुसतं विचारा की भागाकारात, अपूर्णांकात, जोडाक्षरांत तुमची मुलं नेमकं काय चुकतात. आणि ही यादी मराठीतच हवी, कारण काही चुका मराठीच्याच असतात. एकोणसत्तर म्हटलं की मुलं ७९ लिहून मोकळी होतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात त्रेसष्टऐवजी साठ तीन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. माझं त्या वादातलं मत इथे सांगत नाही (घरातच एकमत नाही). पण मुलाचा आवाज ऐकून उत्तर तपासणारा वर्ग करायचा असेल, तर त्याला त्रेसष्ट आणि साठ तीन दोन्ही कळले पाहिजेत.

आता रेंज. वाडीत नाही. खिंडीजवळच्या आंब्याखाली दोन कांड्या येतात, म्हणून मुलं तिथे येतात. कोथरूडमध्ये व्हिडिओ अडकला की आपण राउटर बंद करून चालू करतो. तिथे अडकला की पोरं दप्तर उचलून घरी जातात. टाळेबंदीत 'शाळा बंद पण शिक्षण आहे' या उपक्रमात व्हॉट्सअ‍ॅपवर रोज अभ्यासाचे दुवे यायचे. करणाऱ्यांची मेहनत मी जवळून पाहिली आहे, पण इयत्तेतल्या सगळ्यांना दुवा एकच, आणि खिंडीतून तो उघडेपर्यंत गुरं परत यायची वेळ व्हायची. साधा हिशेब सांगते. स्पष्ट बोलणं ऐकू येण्यासाठी सेकंदाला २४ किलोबिट पुरतात, म्हणजे तासाला ११ एमबीसुद्धा नाही. व्हिडिओ अगदी काटकसरीने ५०० किलोबिटचा धरला तरी तासाला सव्वादोनशे एमबी. म्हणून हा वर्ग आधी आवाजाचा करा. धडा रात्री शाळेच्या टॅबवर उतरवून ठेवता आला पाहिजे, नेट नसताना चालला पाहिजे, आणि मूल जिथे थांबलं तिथूनच आठवड्याने उघडला पाहिजे. मुलाने बोलून पाठवलेलं उत्तर रेंज मिळेल तेव्हा आपोआप निघालं, तरी पुष्कळ.

एका शाळेत (नाव लिहीत नाही, मुख्याध्यापक भले आहेत) भिंतभर इंटरॅक्टिव्ह पॅनल पाहिला. त्यावर हिरवं फडकं. बिल थकल्यामुळे वीज तोडलेली.

प्रत्येक मुलाचं वेगळं शिक्षण म्हणजे प्रत्येक मुलाची वेगळी नोंदही आली. ती कोणाकडे राहणार? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. अंगठा उठवणाऱ्या आजीची संमती कशी पडताळणार, हे कंत्राट देण्याआधी ठरलेलं बरं. ती नोंद मुलाच्या मागे जायलाही हवी. ऊसतोडीला आईबापांबरोबर दौंड-इंदापूरकडे येणारं मूल सहा महिन्यांनी गावी परततं आणि वर्गात पुन्हा पहिल्या पानापासून बसतं. अशा मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. त्या कार्डावर 'दशक सुटा करताना अडतो' एवढी एक ओळ असती, तर पुढच्या गुरुजींचे दोन महिने वाचले असते.

एक भीती आहे, ती स्पष्ट लिहिते. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा, म्हणजे अशा लहान शाळा एकत्र करून एक शाळा, करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. उद्या आभासी वर्ग तयार झाला की कुणीतरी म्हणेल, आता तिथे शिक्षक कशाला? माझा अनुभव उलटा आहे. मुलांना खिंडीत पाठवणारे, फोन चार्ज करून ठेवणारे, परत आल्यावर वहीत डोकावणारे वाडीतले गुरुजी आहेत म्हणून माझी अकरा मिनिटं कामी येतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे मतदार यादीचं काम होतं, तेव्हा तीन आठवडे फोनच आला नाही. तेव्हा या वर्गाच्या आराखड्यात गुरुजींच्या वेळापत्रकातला रोजचा एक तास लिहून द्या, आणि त्या तासात त्यांना कुठलीही ऑनलाइन माहिती भरायला सांगू नका.

आपल्या खात्यातलं कोणी ऐकायला येणार असेल तर माझा फोन मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला असतो. सातनंतर खिंडीत अंधार होतो, मुलांना परत जायचं असतं. चहा मी करीन, मात्र स्पीकरवर कोणी मध्ये बोलायचं नाही. या शुक्रवारी आठशे वजा दोनशे शहाऐंशी आहे. दोन शून्यं आहेत, त्यामुळे तो ४७५ वाला मुलगा काय करतो ते मलाही बघायचंय.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
पुणे