हरणाचं मटण अमेरिकेत विकता येत नाही, मुद्दा तिथंच आहे

मा. संपादक, स.न.

बर्फात पडलेलं हरीण आणि शेजारी केशरी जॅकेट घालून हसणारा माणूस, असा फोटो दर नोव्हेंबरात आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोच. त्यावरून गेल्या आठवड्यात तुमच्याकडे दोन पत्रं छापून आली. एकाचं म्हणणं अमेरिकन लोक क्रूर, दुसऱ्याचं म्हणणं आपल्याकडेही अशीच लायसन्स वाटा म्हणजे शेतीचं नुकसान थांबेल. मला दोन्ही पटली नाहीत. लेक अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात राहते त्यामुळे हा प्रकार जवळून बघायला मिळालाय. मी पक्का शाकाहारी, बंदूक कधी हातात धरलेली नाही, तेव्हा कुणाची वकिली करायचं कारण नाही.

तिथला बंदुकीचा मुख्य सीझन थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा तिकडचा सण) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि 9 दिवसांत संपतो. 1973 किंवा नंतर जन्मलेल्याला शिकारीचा सेफ्टी कोर्स केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. अंगावर भडक केशरी कपडे सक्तीचे, 2016 पासून भडक गुलाबीही चालतो, कारण हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही पण झाडीतल्या दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. पहाटे अंधारात जाऊन झाडावरच्या मचाणात बसायचं, हातपाय गोठतात, बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि संध्याकाळी बरेच जण हात हलवत परत येतात. काही ग्रुप हाका पण घालतात, म्हणजे जनावरं हुसकून शिकाऱ्याच्या दिशेनं आणतात, आपल्याकडे पूर्वी घालायचे तसाच. ताजा बर्फ पडला की सगळे खूश, कारण जखमी जनावराचा माग लगेच लागतो.

लेकीच्या शेजारच्या आजोबांच्या गराजमधे मी मारलेला नर बघितला. तुळईला उलटा टांगलेला, पोट रिकामं केलेलं, शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र, केसांत बर्फाचे खडे अडकून राहिलेले. मला वाटलं होतं फार उग्र वास येईल, तसा काही आला नाही, थंडीच इतकी होती. आजोबांनी आधी काय केलं तर फोनवरून रजिस्ट्रेशन. हरीण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत नोंद करावीच लागते, नर की मादी, कुठल्या काउंटीत (तिकडचा जिल्हा) मारलं, सगळं. मग मुंडकं वेगळं करून तपासणीच्या पेटीत टाकायला नेलं, कारण तिकडे हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, विस्कॉन्सिनमधे तो 2002 मधे सापडला आणि अजून हटलेला नाही. आजी स्वयंपाकघरात पांढऱ्या कागदात मटणाचे तुकडे गुंडाळून वर मार्करनं तारीख घालत होत्या. रिपोर्ट येईपर्यंत फ्रीझरला हात लावायचा नाही म्हणाल्या.

आता मुद्द्यावर येतो. हे मटण आजी-आजोबा खाऊ शकतात, लेकीला एक पुडकं देऊ शकतात, गरिबांच्या अन्नछत्राला दान देऊ शकतात (बरेच शिकारी देतात), पण विकू मात्र शकत नाहीत. हॉटेलात हरणाचं मटण मिळतं ते फार्मवर पाळलेल्या नाहीतर न्यूझीलंडहून आलेल्या जनावरांचं. या नियमामागे मोठा इतिहास आहे. 1900 च्या सुमाराला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम 5 लाख उरली होती असा अंदाज सांगतात. घरच्यापुरतं मारणाऱ्यांनी ती संपवली नव्हती, रेल्वे आली आणि धंदा म्हणून मारून शहरांत मटण नि कातडी पाठवणाऱ्यांनी संपवली होती. मग 1900 मधे लेसी अ‍ॅक्ट आला, बेकायदा मारलेलं जनावर एका राज्यातून दुसऱ्यात नेणं गुन्हा झालं, राज्यांनी विक्री बंद केली, सीझन ठरवले, आणि आज तिथं 3 कोटींच्या आसपास हरणं आहेत. इतकी की वर्षाला 10 लाखांवर गाड्या हरणांना धडकतात. म्हंजे शिकार चालूच राहिली, बाजार तेवढा उठला, आणि हरीण वाचलं!

दुसरं म्हणजे पैसा. रायफल आणि काडतुसांवर 11 टक्के कर आहे, तो 1937 च्या कायद्यानं राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. जो बार काढणार तोच जंगलाचा खर्च भरणार. आपल्याकडे सफारीच्या तिकिटावरून लोक गेटवर वाद घालतात, असो.

मोजमापाचं तर मला फार कौतुक वाटलं. उत्तरेकडच्या जंगलात बर्फ साठला की हरणं सीडर-हेमलॉक या सदाहरित झाडांच्या दाट झाडीत गोळा होतात, तिथं जमिनीवर बर्फ कमी पडतो, पण खायला असते नुसती डहाळी, आणि मार्च येईपर्यंत अशक्त पिल्लं भुकेनं मरतात. म्हणून तिथलं वन्यजीव खातं 1 डिसेंबर ते 30 एप्रिल हिशोब ठेवतं. ज्या दिवशी बर्फ 18 इंच किंवा जास्त, त्या दिवसाचा एक गुण, ज्या दिवशी पारा उणे 18 सेल्सिअसच्या खाली, त्याचा आणखी एक. बेरीज 100 च्या वर गेली तर हिवाळा अतिशय कडक, मग पुढच्या सीझनला तिथले मादी मारायचे परवाने कमी करतात. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर बसून होते ती प्राण्यांची मोजणी मी मनापासून मानतो, पण त्या आकड्यावरून पुढे काय ठरलं ते कधी वाचायला मिळत नाही.

तिथं सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. फेब्रुवारी 2021 मधे त्याच विस्कॉन्सिननं लांडग्यांची शिकार उघडली, कोटा होता 119 चा आणि तीन दिवसही झाले नाहीत तोवर 218 लांडगे मारून मोकळे झाले. इतकी शिस्त, इतकी नोंदणी असून ही गत. मग लायसन्स वाटा म्हणणाऱ्या पत्रलेखकांना माझा प्रश्न की आपल्या जिल्ह्यात हे कोण सांभाळणार? सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही, तिथल्या चिंकाऱ्यांच्या मागे भटकी कुत्री लागलेली असतात, आजूबाजूला प्लॉटिंग. रानडुकरानं शेत उकरलं तर शेतकऱ्याला भरपाई वेळेत मिळायलाच हवी, पण त्यासाठी हरणांच्या मागे बंदुका कशाला लावायच्या?

आणि बाजार आपल्याकडे आजही आहे, हे आपण पुणेकर बोलत नाही. वीकेंडला फार्महाऊसवर पार्टी ठरते, कुणीतरी हळूच म्हणतं 'रानातलं आहे, स्पेशल', आणि चार सुशिक्षित माणसं डोळे मिचकावून ताट पुढे करतात. मी हे ऐकलेलं आहे, सांगणाऱ्याला त्यात मर्दुमकी वाटत होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असं मांस विकणं तर गुन्हा आहेच, विकत घेणं आणि जवळ बाळगणंही गुन्हा आहे. काळवीट, चिंकारा त्या कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमधे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत येतात, त्यांना मारल्याबद्दल किमान 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आहे. पण बातमीत फोटो कुणाचा येतो, तर तारेचे फासे लावणाऱ्या गावातल्या फाटक्या माणसाचा. ज्याच्या गाडीच्या डिकीत ते मटण जाणार होतं तो त्या दिवशी कोथरूडला मॉर्निंग वॉक करत असतो.

वनखात्यानं या गिऱ्हाइकांचे मोबाईल तपासले, एखाद्या फार्महाऊसवाल्यावर केस चालवून शेवटाला नेली, तर दहा गस्ती घालून होणार नाही एवढा वचक बसेल असं मला वाटतं. आणि तुमच्या वार्ताहरांनाही एक विनंती, पुढच्या वेळी हरणाचं मांस जप्त झाल्याची बातमी द्याल तेव्हा ते कुणाकडे चाललं होतं हे पण विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर तेही छापा.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सहकारनगर, पुणे