श्रावणाआधीची बैठक: घरच्यांनी वाचावं

दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांची येत्या रविवारची बैठक नेहमीच्याच जागी, राजवाड्याजवळ, पण सहाऐवजी पाचला. पाऊस असला तरी होणार; साताऱ्यात पावसाची वाट बघत बसलो तर दिवाळीच उजाडायची.

गटारी झाली की घरोघरी "आता महिनाभर बंद" ऐकू येईल. ऐकायला गोड वाटतं. पण रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की पहिल्याच दिवशी हात थरथरतात, कप बशीवर वाजायला लागतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास आणि असंबद्ध बडबड. "बाहेरचं" म्हणून अंगारा लावत बसू नका, थेट दवाखाना गाठा. सोडायचीच आहे तर आधी डॉक्टरांना विचारून.

आणि आमटीतून गुपचूप दारू सोडवायची गोळी, म्हणजे डायसल्फिराम, देणं बंद करा. ती पोटात असताना दारू गेली तर उलट्या, धडधड, रक्तदाब खाली, जिवावर बेततं. आमच्याच घरी झालंय, म्हणून एवढं रागावून लिहितेय.

मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणाऱ्यांच्या घरच्यांनीही यावं. त्या व्यसनावरही उपचार आहेत.

मधल्या काळात व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, कॉल मोफत.