कलमाच्या आकड्यासोबत कायद्याचे नावही छापा

संपादक महोदय,

1 जुलै 2024 रोजी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि पाठोपाठ ‘जुने कलम – नवे कलम’ असे दोन रकान्यांचे तक्ते बाजारात आले. विधीचे विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षा देणारी मुले आज त्या तक्त्यांवरच विसंबून आहेत. कलम कुठे सरकले हे शोधायला तक्ता चांगला, पण त्याच्या जिवावर उत्तर लिहिणे किंवा अर्जाचा मसुदा करणे धोक्याचे आहे.

482 हा आकडा घ्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा होता. गुन्हा रद्द करून घेण्याचे अर्ज त्याखाली होत. नागरिक सुरक्षा संहितेत 482 हे अटकपूर्व जामिनाचे कलम आहे आणि अंगभूत अधिकार 528 मध्ये गेले आहेत. नुसता ‘कलम 482’ टाकून निकाल शोधला की दोन्ही प्रकारचे निकाल एकत्र समोर येतात, आणि नवखा विद्यार्थी भलताच निकाल उचलतो. 302 चेही तसेच. दंड संहितेत ते खुनाच्या शिक्षेचे कलम होते. खुनाची शिक्षा आता न्याय संहितेच्या 103(1) मध्ये आहे. त्या संहितेतले 302 धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांबद्दल आहे.

म्हणून सुरुवात मूळ अधिनियमापासूनच हवी. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर तो विनामूल्य मिळतो. कलम वाचताना त्याची स्पष्टीकरणे, परंतुके (‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटी व अपवाद) आणि उदाहरणेही वाचावीत, आणि कलम अमलात आले आहे का हे अधिसूचनेवरून पाहावे. न्याय संहितेचे 106(2) पुस्तकात छापलेले दिसते. निष्काळजीपणे वाहन चालवून कुणाचा मृत्यू घडवणाऱ्या आणि न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात आहे. पण 23 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने तेवढे पोटकलम वगळूनच बाकीची संहिता 1 जुलैपासून लागू केली. फक्त पुस्तक वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही.

ग्रंथालयांना आमची कळकळीची विनंती आहे: दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायद्यावरची जुनी भाष्ये रद्दीत काढू नका. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागू राहते. त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास, खटले आणि अपिले जुन्याच प्रक्रियेने चालतात. गुन्हा आधीचा आणि फिर्याद नंतरची असेल, तर गुन्ह्याचे कलम जुने आणि तपासाची पद्धत नवी, असा संमिश्र प्रकारही होतो. ही पुस्तके अजून कित्येक वर्षे रोज उघडावी लागणार आहेत.

निकालांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावर, थांबल्याने. हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायालयाने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता ‘ई-एससीआर’ या न्यायालयाच्याच ऑनलाइन निकालसंग्रहात पूर्ण वाचता येतात, तेव्हा संबंधित परिच्छेद गाठून वाचावा, आणि तो निकाल पुढे फिरवला गेला आहे का हेही तपासावे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खाली द्याव्या लागणाऱ्या प्रमाणपत्रात 2018 च्या शफी मोहम्मद निकालाने सवलत दिली होती. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती काढून घेतली. जुन्या आवृत्तीच्या पुस्तकात पहिला निकाल सापडतो, दुसरा नाही. शिवाय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये प्रमाणपत्राचा नमुनाच बदलला आहे. भाग ‘अ’ पक्षकाराने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा आहे, आणि हॅश मूल्यही (फाइलमध्ये फेरफार झाला का हे ओळखण्याचा तिचा अंकीय ठसा) नोंदवायचे आहे. 65-ब वरच्या निकालांतून याची सगळी उत्तरे मिळणार नाहीत.

मराठीतून शिकणाऱ्यांनी भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ हाताशी ठेवावा. न्यायालयाने एखादी गोष्ट गृहीत ‘धरलीच पाहिजे’ आणि गृहीत ‘धरता येईल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मार्गदर्शक पुस्तकांच्या घाईच्या भाषांतरात नेमका हाच फरक पुसला जातो. शंका आली की इंग्रजी पाठ शेजारी ठेवून ताडून पाहावे.

गुन्ह्यांची आकडेवारी वापरणाऱ्यांसाठी एकच सूचना. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘क्राइम इन इंडिया’मध्ये एका फिर्यादीतला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजतात. बलात्कार करून खून झाला असेल तर नोंद खुनात होते. हे ठाऊक नसताना काढलेले निष्कर्ष चुकतात.

आपल्या वृत्तपत्राकडे मागणी एवढीच, की गुन्हेवृत्तात नुसते ‘कलम 302’ न छापता ‘दंड संहितेचे कलम 302’ किंवा ‘न्याय संहितेचे कलम 103(1)’ असे छापावे आणि घटनेची तारीख द्यावी. विद्यार्थी कात्रणे काढून ठेवतात. कायद्याचे नाव आणि तारीख असली तर तीच कात्रणे पुढे संदर्भ म्हणून वापरता येतील.

– फौजदारी कायदा शिकवणारे काही अध्यापक