हाडे विरतात, कोळसा उरतो

संपादक महोदय,

गोव्यातील उसगाळीमळच्या कातळशिल्पांवरील आपल्या लेखात तिथली आदिम माणसे 'प्राण्यांच्या मागे भटकत' असे ठामपणे म्हटले आहे. कुशावती नदीकाठच्या खडकावर बैल आणि हरणे कोरलेली आहेत हे खरे, पण कोरले ते सगळे पोटात गेले असे नाही आणि खाल्ले ते सगळे कोरले असेही नाही. रोजचे खाणे आणि मुक्कामाचा काळ शोधायचा तर आसपासच्या गुहांतल्या व नदीकाठच्या थरांतल्या मातीकडे वळावे लागेल.

आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. तिच्यात हाडे विरून जातात. जळून कोळसा झालेल्या बिया, कवचे, कंदांचे तुकडे मात्र राहतात. वनस्पतींच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, तेही राहतात. म्हणून गोव्यात उत्खननाची माती नुसती चाळून फेकणे म्हणजे पुरावाच फेकणे. चूल आणि राखेच्या प्रत्येक थरातून वीसेक लिटर माती वेगळी काढावी. ती बादलीत पाण्यात हलक्या हाताने ढवळली की कोळसा वर तरंगतो. तो पाव मिलिमीटरच्या जाळीवर ओतून घ्यायचा. चिकट माती फुटत नसेल तर आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवावी. जाळी उन्हात ठेवू नये, भराभर सुकताना कोळसा तडकतो. ओला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर बुरशी धरते. फायटोलिथसाठी मूठभर माती न धुता आधीच बाजूला काढावी.

बिया ओळखल्या की हंगाम कळतो. करवंद, जांभूळ, भिरंड (कोकम) उन्हाळ्यातली. कणगी आणि कारांदे हे कंद पावसाळा सरल्यावर खणायचे. एकाच वस्तीत दोन्ही सापडले तर मुक्काम लांबला असेल, किंवा माणसे पुन्हा पुन्हा तिथेच येत असतील. या दोहोंतला फरक नुसत्या बियांवरून सांगता येत नाही. टिकाऊ बी साठवलेलीही असू शकते. शिवाय पालेभाजी आणि कच्ची खाल्लेली फळे सहसा चुलीत पडत नाहीत, त्यामुळे यादी नेहमी अपुरीच. कडू कंद खायचा तर उकडणे, वाहत्या पाण्यात ठेवणे आले, म्हणजे मुक्कामही आला. बोर्निओतील निआ गुहेत असे विषारी रानकंद सापडले आहेत.

बारकाईने काम केले तर किती हाती लागते याचा दाखला इस्रायलमधील ओहालो-२. गॅलिलीच्या सरोवराचे पाणी 1989 साली ओसरले आणि सुमारे 23,000 वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. तिथून 90,000हून अधिक वनस्पती-अवशेष मिळाले. वेगवेगळ्या ऋतूंत पिकणाऱ्या बिया एकत्र आल्याने तिथे बहुधा वर्षभर वस्ती असावी, असे संशोधक मानतात. अर्थात तो पाण्याखाली जपलेला चिखल होता. आपल्याकडे न जळलेली बी दिसली तर ती बहुतेक वेळा मुंग्यांनी वा मुळांनी खाली नेलेली, आजकालचीच. ती मोजणीत धरू नये. काजूचे जळके टरफल मिळाले तर थर ढवळला गेला आहे हे लगेच ओळखावे, कारण काजू पोर्तुगीजांनी आणलेला. आणि वय ठरवणाऱ्या कार्बन-14 चाचणीला लाकडाचा कोळसा नव्हे, बी किंवा कवच पाठवावे: जुन्या झाडाचे लाकूड जाळले असेल तर चूल आहे त्याहून शेकडो वर्षे जुनी ठरते.

— पुरातत्त्वाचा एक अभ्यासक, सांगे